बुद्धिबळाचे स्पर्धावर्ष (महाराष्ट्र व गोवा, २०२५)

जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत निरनिराळ्या देशांत ओळीने होणाऱ्या आणि प्रवेशपात्रतेच्या नियमांनी एकमेकींशी जोडलेल्या व्यावसायिक बुद्धिबळ स्पर्धांच्या मालिकेस स्पर्धावर्ष असे म्हणता येईल. या मालिकेतील कोणतीही मोठी स्पर्धा एकटी नसते. एकीतील क्रमांकावर दुसरीतील प्रवेश ठरतो आणि सर्व वाटा शेवटी जगज्जेत्याच्या आव्हानवीराची निवड करणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेकडे जातात. २०२५ या स्पर्धावर्षात महिलांच्या ग्रँड प्री मालिकेतील एक स्पर्धा पुणे येथे व खुल्या गटाची विश्वचषक स्पर्धा गोव्यात झाली. या दोहोंच्या मधल्या काळात नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. मराठी मुलखाच्या दृष्टीने इतके महत्त्वाचे बुद्धिबळवर्ष पूर्वी आलेले नाही.

पटावरील खेळाचे असे आखीव वर्ष प्रथम पाहावयास मिळते ते जपानमधील गो या खेळात. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी १९ × १९ रेषांच्या पटावर खेळल्या जाणाऱ्या या खेळात किताबांच्या लढती वर्षभर क्रमाने होतात : वर्षारंभी किसेई, उन्हाळ्याच्या सुमारास होनिनबो, शरद ऋतूत मेइजिन व वर्षाच्या अखेरीस तेनगेन. विद्यमान किताबधारक स्वस्थ बसून असतो व इतर खेळाडू आपापसांत झुंजून त्याचा आव्हानवीर ठरवितात. या किताबांचा खर्च प्रामुख्याने तेथील मोठी वृत्तपत्रे सोसतात व त्या मोबदल्यात डावांच्या प्रसिद्धीचा हक्क मिळवितात. होनिनबो हे मूळचे एका गो-घराण्याचे वंशपरंपरागत नाव. ते स्पर्धेचा किताब म्हणून प्रथम १९४१ मध्ये दिले गेले. त्याच वर्षी सांगली येथे भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाची स्थापना केली, हा केवळ योगायोग होय. तथापि दोन्ही घटनांच्या मुळाशी एकच गरज होती. घराण्याच्या वा दरबाराच्या आश्रयाने जगणारा खेळ तो आश्रय ओसरत चालल्यावर कोणाच्या आधाराने उभा राहणार, हा तो प्रश्न. जपानमध्ये त्याचे उत्तर वृत्तपत्रांनी दिले. महाराष्ट्रात ते बऱ्याच अंशी हौशी मंडळांना द्यावे लागले.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत देशी पद्धतीचे बुद्धिबळ रूढ होते. त्यात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. शह न बसलेल्या राजाला डावात एकदा घोड्याप्रमाणे उडी घेता येई. शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे सामान्यतः त्या पट्टीच्या मूळ मोहऱ्याचे रूप घेई. प्रतिपक्षाचा राजा एकटा उरल्यास ‘बुर्ज’ होई आणि प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची समजली जाई. आंतरराष्ट्रीय नियमांचा स्वीकार झाल्याखेरीज येथील खेळाडूंना जागतिक स्पर्धांत उतरणे शक्य नव्हते. देशी पद्धतीत वाढलेल्या मीर सुलतान खान याने १९२९, १९३२ व १९३३ या वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले. पण त्यासाठी त्याला नियमच नव्याने शिकावे लागले होते. सांगलीसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षे उन्हाळी सुटीत भरणाऱ्या स्पर्धांनी हे नियमांतर दक्षिण महाराष्ट्रात पक्के केले. पुढे महिला ग्रँडमास्टर झालेली स्वाती घाटे ही सांगलीचीच.

पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ मध्ये बंगलोर येथे झाली व ती वासंती खाडिलकर यांनी जिंकली. मुंबईच्या नवाकाळ दैनिकाचे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री व रोहिणी या तीन कन्या. जयश्री यांनी चार वेळा व रोहिणी यांनी पाच वेळा हे अजिंक्यपद मिळविले, म्हणजे सुरुवातीची अनेक वर्षे ते जवळजवळ एका घराबाहेर गेलेच नाही. रोहिणी यांनी १९८१ मध्ये हैदराबाद येथे व १९८३ मध्ये क्वालालुंपुर येथे आशियाई विजेतेपदही मिळविले. त्यानंतरच्या पिढीत भाग्यश्री साठे (नंतर ठिपसे) व अनुपमा अभ्यंकर (नंतर गोखले) यांनी प्रत्येकी पाच वेळा राष्ट्रीय स्पर्धा जिंकली.

या इतिहासातील एक प्रसंग २०२५ समजून घेण्यासाठी विशेष उपयोगी आहे. १९७६ मध्ये तेरा वर्षांच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा मोठा गहजब झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक बुद्धिबळ महासंघाचे (फिडेचे) तत्कालीन अध्यक्ष माक्स ऑयवे यांनी राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. तेव्हापासून ज्याला पुरुषांचा गट म्हटले जाई तो तत्त्वतः खुला गट झाला व महिलांचा गट त्याच्या जोडीला राहिला. म्हणजे स्त्री खेळाडूपुढे एकाच वर्षात दोन वेगवेगळ्या शिड्या असतात. महिलांच्या शिडीवर तिला बक्षिसे, किताब व प्रसिद्धी तुलनेने लवकर मिळतात. खुल्या शिडीवर प्रतिस्पर्धी अधिक बलवान मिळतात, त्यामुळे खेळ सुधारतो. पण गुणांकन घसरण्याचा धोका कायम असतो. पहिली शिडी ही सवलत आहे असे मानणे योग्य नव्हे. तिच्याविना खाडिलकर भगिनींच्या मागोमाग इतक्या मुली या खेळात टिकल्या असत्या असे दिसत नाही. मात्र केवळ तिच्यावरच पाय रोवून राहणाऱ्या खेळाडूची वाढ खुंटते, हेही तितकेच खरे आहे.

पात्रतेची शिडी : महिलांच्या २०२६ च्या कँडिडेट्स स्पर्धेत आठ जागा होत्या. त्यांपैकी तीन विश्वचषकातून, दोन ग्रँड स्विस स्पर्धेतून व दोन ग्रँड प्री मालिकेतून भरावयाच्या होत्या. या तिन्ही स्पर्धांची प्रकृती सर्वस्वी भिन्न आहे. ग्रँड प्रीमध्ये वीस खेळाडू सहा स्पर्धांत विभागून खेळतात. प्रत्येकीच्या वाट्यास तीन स्पर्धा येतात, प्रत्येक स्पर्धेत दहा जणींची साखळी असते व गुणांची बेरीज होते. येथे सातत्याला फळ मिळते. ग्रँड स्विसमध्ये अकरा फेऱ्या असतात आणि प्रत्येक फेरीत समान गुण असलेल्या खेळाडूंची गाठ घालतात, त्यामुळे आघाडीवर असलेल्याला उसंत मिळत नाही. विश्वचषक बाद पद्धतीचा असतो : दोन दिवसांत दोन डाव, बरोबरी झाल्यास तिसऱ्या दिवशी कमी वेळेचे टायब्रेक डाव, आणि हरणारा घरी. साखळीत एक पराभव भरून काढता येतो. बाद पद्धतीत बहुधा नाही. कोल्हापूरच्या वाचकास हा फरक कुस्तीवरून सहज कळेल. ग्रँड प्री म्हणजे हंगामभर निरनिराळ्या मैदानांत खेळून कमावलेले नाव, तर विश्वचषक म्हणजे एकाच आखाड्यात ओळीने लावलेल्या निकाली कुस्त्या.

वर्षाचा पूर्वार्ध : जानेवारी २०२५ मध्ये नेदर्लंड्समधील वाइक आन झे येथील पारंपरिक स्पर्धेत दिव्या देशमुख चॅलेंजर्स या दुय्यम, परंतु खुल्या गटात खेळली. एप्रिलमध्ये चीनमध्ये झालेल्या लढतीत ज्यू वेनज्यून हिने तान चोंगयी हिला ६·५–२·५ असे हरवून महिलांचे जगज्जेतेपद राखले. त्याच महिन्यात पुणे येथे ग्रँड प्रीची पाचवी स्पर्धा झाली. तीत भारताच्या कोनेरू हंपी, द्रोणवल्ली हारिका, आर. वैशाली व दिव्या देशमुख अशा चार खेळाडू होत्या. हंपी व चीनची झू जिनर यांचे नऊ डावांत प्रत्येकी सात गुण झाले व सरस टायब्रेकमुळे हंपीला प्रथम क्रमांक मिळाला. दिव्या तिसरी आली. पुण्यातील ही स्पर्धा प्रेक्षकांच्या दृष्टीने शांत होती. चार-पाच तास चालणाऱ्या डावात बाहेरून दिसण्यासारखे फारसे काही घडत नाही आणि ज्याला पटावरील तणाव वाचता येतो त्यालाच त्यातील नाट्य उमगते. संगणकाच्या मूल्यमापनाची पट्टी पडद्यावर दाखविण्याची प्रथा रूढ झाल्यापासून सामान्य प्रेक्षकासही कोण वरचढ आहे हे कळते. पण का वरचढ आहे हे कळत नाही. अशाने पाहणारा खेळाडूच्या अडचणीविषयी अनुदार होतो, असे दिसते.

बातुमी : महिलांचा विश्वचषक जुलै २०२५ मध्ये झाला. स्पर्धेत १०७ खेळाडू होत्या. वरच्या २१ मानांकित खेळाडूंना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली व उरलेल्या ८६ जणींतून ४३ विजयी ठरल्या, म्हणजे दुसऱ्या फेरीत बरोबर ६४ खेळाडू झाल्या. बाद पद्धतीत अशी दोनाच्या घातांची संख्या जमवावीच लागते. दिव्याला १५ वे मानांकन होते. केसारिया मगेलाद्झे व तेओदोरा इन्याक यांना हरवून ती चौथ्या फेरीत आली. तेथे तिची गाठ दुसरे मानांकन असलेल्या झू जिनरशी पडली. दोघींनी एकेक डाव जिंकला व टायब्रेकमध्ये दिव्या सरस ठरली. उपांत्यपूर्व फेरीत पोहोचलेल्या आठांपैकी चार खेळाडू भारतीय होत्या. त्यांतील हारिकाशी दिव्याचे दोन्ही प्रदीर्घ डाव बरोबरीत सुटले आणि टायब्रेकचे दोन्ही डाव तिने जिंकले.

उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान चोंगयी हिच्याविरुद्ध पहिला डाव बरोबरीत राहिला. दुसरा डाव १०१ चालींपर्यंत लांबला व दिव्याने तो जिंकला. या डावाचे महत्त्व नुसत्या निकालात नाही. फायदा एकदा हातून निसटून पुन्हा मिळाल्यावर न थकता त्याचा पाठपुरावा करणे हे लहान वयाच्या खेळाडूंना सहसा जमत नाही; कारण हुकलेल्या संधीची टोचणी पुढील चालींवर सावली टाकते. या विजयाने दिव्याची अंतिम फेरी व कँडिडेट्समधील जागा दोन्ही निश्चित झाल्या. दुसरीकडे हंपीने लेइ तिंगज्ये हिला टायब्रेकमध्ये हरविले. अशा रीतीने महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत प्रथमच दोन भारतीय खेळाडू समोरासमोर आल्या. एकीचे वय १९ होते, दुसरीचे ३८.

अंतिम लढतीचे पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. २८ जुलै रोजी झालेल्या टायब्रेकमधील पहिला डावही बरोबरीतच संपला. दुसऱ्या डावात दिव्याकडे काळी मोहरी होती. वेळेच्या टंचाईत हंपीकडून चुका झाल्या आणि दिव्याने डाव व त्याबरोबर विश्वचषक जिंकला (टायब्रेक १·५–०·५). टायब्रेकच्या डावात प्रत्येकीला पंधरा मिनिटे व दर चालीस दहा सेकंदांची भर मिळते. जलद डावांवर इतका मोठा किताब ठरवावा का, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. मात्र हंपी ही जलद बुद्धिबळात २०१९ व २०२४ या वर्षांची जगज्जेती होती, म्हणजे त्या दिवशी टायब्रेकचा प्रकार तिच्याच सोयीचा समजला जात होता, हे विसरून चालणार नाही.

या विजयाचा एक परिणाम नियमांच्या दृष्टीने लक्षणीय आहे. ग्रँडमास्टर हा खुल्या गटाचा सर्वोच्च किताब मिळविण्यासाठी सामान्यतः तीन वेळा ठरावीक दर्जाची कामगिरी करावी लागते व २,५०० गुणांकन गाठावे लागते. दिव्याच्या नावावर असा एकही निकष जमा नव्हता. पण महिला विश्वचषकाच्या विजेतीस हा किताब थेट देण्याची तरतूद असल्याने ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली. हंपी, हारिका व वैशाली यांच्यानंतर हा मान मिळविणारी ती चौथी भारतीय स्त्री होय. किताब असा एका उडीत मिळाल्याने त्याच्या मोलाविषयी शंका घेणारे काही निघाले. परंतु सलग तीन आठवडे, एकही चूक न परवडणाऱ्या पद्धतीत, स्वतःहून वरच्या मानांकनाच्या खेळाडूंना एकामागून एक बाद करणे हे एखाद्या खुल्या स्पर्धेतील निकषापेक्षा सोपे मानण्याचे कारण नाही. शिवाय ही चढण अचानक आलेली नव्हती. दिव्याने २०२३ मध्ये आशियाई महिला विजेतेपद व २०२४ मध्ये गांधीनगर येथे कनिष्ठ गटातील मुलींचे जगज्जेतेपद मिळविले होते. त्याच वर्षी बूडापेस्ट येथील ऑलिंपियाडमध्ये विजेत्या भारतीय संघातर्फे तिने ११ पैकी ९·५ गुण मिळवून तिसऱ्या पटावरील वैयक्तिक सुवर्णपदकही घेतले होते. त्याआधीची ४८ वी राष्ट्रीय महिला स्पर्धा, जी डिसेंबर २०२२ च्या अखेरीस कोल्हापूर येथे सुरू झाली, तीही तिनेच जिंकली होती. कोल्हापूरकरांनी तिला पाहिले ते असे, बातुमीच्या अडीच वर्षे आधी.

खुल्या गटाची कसोटी : वर्षाच्या उत्तरार्धात दिव्याने दुसरी शिडी निवडली. कँडिडेट्समधील जागा हाती असल्याने सप्टेंबरमध्ये समरकंद येथील ग्रँड स्विसमध्ये ती महिलांच्या गटाऐवजी खुल्या गटात खेळली. तेथे तिने ईजिप्तचा ग्रँडमास्टर बासेम अमीन याला हरविले व जगज्जेता दोम्माराजू गुकेश याच्याशी बरोबरी केली. महिलांचा गट वैशालीने जिंकला.

यानंतर गोव्यातील विश्वचषक आला. बारदेश तालुक्यातील हडफडे येथे ३१ ऑक्टोबरपासून सुमारे चार आठवडे चाललेल्या या स्पर्धेत २०६ खेळाडू होते. वरच्या पन्नास जणांना पुढे चाल असल्याने दुसऱ्या फेरीत १२८ खेळाडू उरले. विजेत्याच्या चषकास विश्वनाथन आनंद याचे नाव देण्यात आले होते. भारतात ही स्पर्धा यापूर्वी २००२ मध्ये हैदराबाद येथे झाली होती व ती आनंदनेच जिंकली होती. दिव्याला वाइल्ड कार्डद्वारे प्रवेश मिळाला व २०६ जणांत ती एकटीच स्त्री होती. पहिल्याच फेरीत ग्रीसच्या स्तामातिस कुरकुलोस-आर्दितिस याने तिला दोन्ही डावांत हरविले. जुलैमध्ये जो खेळ तीन आठवडे टिकला, तो नोव्हेंबरमध्ये दोन दिवसांत संपला. बाद पद्धत कोणालाच वाव देत नाही, याची ही केवळ एक बाजू. गुकेशही तिसऱ्या फेरीत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वाने याच्याकडून हरला. भारतीय खेळाडूंपैकी सर्वांत पुढे गेलेला अर्जुन एरिगैसी उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या वेई यी याच्यापुढे थांबला. उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव्ह याने अंतिम फेरीत वेई यी याला टायब्रेकमध्ये नमवून चषक जिंकला. यजमान देशाचा एकही खेळाडू या स्पर्धेतून कँडिडेट्समध्ये गेला नाही, ही गोष्ट येथील बुद्धिबळप्रेमींना बराच काळ सलत राहिली.

अर्थकारण : बातुमीच्या विजेतीस ५०,००० डॉलरचे पारितोषिक होते. ऑगस्ट २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने नागपूर येथे दिव्याचा सत्कार करून तिला तीन कोटी रुपये दिले. गोव्यातील विश्वचषकाची एकूण बक्षिसे वीस लाख डॉलरची होती. हे आकडे मोठे असले, तरी ते शिडीच्या वरच्या दोन-तीन पायऱ्यांवरचे आहेत. खालच्या पायऱ्यांवर प्रवेशशुल्क, प्रवास, मुक्काम व प्रशिक्षकाचे मानधन यांचा भार सर्वस्वी कुटुंबावर पडतो आणि यश येण्यापूर्वीची आठ-दहा वर्षे तो अखंड चालू असतो. नागपूर, पुणे, मुंबई, नाशिक या शहरांतून ग्रँडमास्टर निघाले. कारण तेथे अकादमी, तुल्यबळ सवंगडी व लागोपाठ स्पर्धा एका जागी मिळतात. शाहूवाडीसारख्या डोंगरी तालुक्यातील मुलास पहिली गुणांकन स्पर्धा खेळण्यासाठीच कोल्हापूर वा सांगली गाठावी लागते. शिवाय मार्च २०२४ पासून फिडेने गुणांकनाची किमान मर्यादा १,००० वरून १,४०० वर नेली. त्यामुळे नवख्या खेळाडूला यादीत नाव येण्यासाठीच पूर्वीपेक्षा चांगला खेळ करून दाखवावा लागतो आणि त्यासाठी अधिक स्पर्धा, म्हणजे अधिक प्रवास, अपरिहार्य ठरतो. संगणकावर व दूरध्वनीवर घरबसल्या जगातील कोणाशीही खेळता येत असल्याने सरावाची उणीव काही अंशी भरून निघते. परंतु अशा डावांनी फिडेचे गुणांकन मिळत नाही. त्यासाठी समोरासमोर, पंचांच्या देखरेखीखाली, घड्याळ लावून खेळावेच लागते.

वर्षाच्या अखेरीस महिलांच्या कँडिडेट्ससाठी विश्वचषकातून दिव्या देशमुख, कोनेरू हंपी व तान चोंगयी आणि ग्रँड स्विसमधून वैशाली व कातेरिना लाग्नो पात्र ठरल्या होत्या. ग्रँड प्रीच्या दोन जागा झू जिनर व अलेक्सांद्रा गोर्याच्किना यांना मिळाल्या. कँडिडेट्समध्ये प्रत्येक खेळाडू इतर सातजणींशी दोन-दोन डाव, म्हणजे एकूण चौदा डाव खेळते व विजेतीस जगज्जेतीला आव्हान देण्याचा हक्क प्राप्त होतो.